आठचा पाना

आमची ताई मोजते. म्हणजे सगळंच मोजते. जेवणं झाली की चमचे मोजते, दोरीवरचे कपडे काढताना चिमटे मोजते, आईच्या शिवणाच्या डब्यातल्या सुया मोजते. एखादी सुई कमी निघाली की ती सापडेपर्यंत आम्हाला जमिनीवर अनवाणी पाय ठेवू देत नाही. हे खूळ तिला सहा वर्षांपूर्वी एकदम लागलं. लग्न न झालेल्या माणसाला पस्तिशीनंतर काहीतरी लागतंच, असं आईचं मत. माझंही लग्न झालेलं नाही, पण मला खूळबीळ नाही, फक्त बस आहे.

ताई एका छोट्या विमान कंपनीच्या हँगरमध्ये मेकॅनिक होती, बारा वर्षं. हँगर म्हणजे विमानं आत ओढून दुरुस्त करायची भली मोठी पत्र्याची शेड. तिथल्या लोकांनी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं. मी त्याच विमानतळावर बस चालवतो. इमारतीच्या दारापासून विमानाच्या शिडीपर्यंत माणसं न्यायची, सोडायची, परत यायचं. चार मिनिटांचा रस्ता. अकरा वर्षं गाडी चालवून मी चार मिनिटांपलीकडे कुठे पोचलो नाही असं ताई म्हणते, आणि ते खरं आहे. मोजणीबाई हे नाव हँगरमधून माझ्या बसमध्ये आलं आणि बसमधून घरात. मोठी बहीण म्हणून मान ठेवायचा तो मी ठेवतो, पण जिभेला हाड नाही त्याला काय करणार.

तिला सरकारी नोकरीचं पत्र आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. विमान सुरक्षा निरीक्षक. आईनं पत्र दोनदा वाचलं, पदराला हात पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि शेजारी सांगायला गेली. ताई गच्चीवर कपडे काढायला गेली. बऱ्याच वेळानं मी वर गेलो तर कपडे तसेच दोरीवर, आणि ही पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर बसून चिमट्यांचा डबा चाळवत होती. चेहरा पांढराफटक.

"काय गं, एक कमी निघाला का?" मी म्हणालो.

"बस जरा. तुला एक सांगायचंय. आईला नाही सांगायचं."

मला वाटलं, आलं! कुणीतरी आहे. मी मनापासून खूश झालो.

"माझा एक पाना हरवलाय," ती म्हणाली.

"मग दुसरा घे."

"विमानात हरवलाय."

मी हसणार होतो, पण तिच्या हातातला डबा वाजत होता.

मग तिनं सांगितलं ते असं. त्यांच्या हँगरमध्ये प्रत्येक मेकॅनिकचा एक लाल फळा असतो. फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली, आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगायचं. प्रत्येक हत्यारावर मेकॅनिकचा नंबर कोरलेला. ताईचा नंबर सत्तेचाळीस. काम संपलं की फळा भरलेला दिसला पाहिजे. एक आकृती जरी रिकामी राहिली तरी विमान जागचं हलत नाही, कारण ते हत्यार कुठे असेल याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं.

साडेचार वर्षांपूर्वी चार नंबरच्या विमानाची मोठी तपासणी संपत आली होती. शेपटीचं झाकण लावून झालं होतं, बत्तीस स्क्रू घट्ट. ताई हात धुऊन आली आणि बघते तर फळ्यावर आठच्या पान्याची जागा मोकळी. आठचा पाना म्हणजे आठ मिलिमीटरच्या नटाचा, करंगळीएवढा. तिनं फोरमनला सांगितलं. फोरमनला सगळा हँगर मामा म्हणायचा. ताईला तर त्यांनीच हाताला धरून काम शिकवलेलं. पोरांना जमवून ते नेहमी म्हणायचे, "हत्यारं कंपनी देते. भीती ज्यानं त्यानं घरून आणायची."

मामांनी बाकीच्यांना घरी पाठवलं. दोघांनी मिळून शोधलं. मचाणाखाली, कचऱ्याच्या डब्यात, सगळ्यांच्या टांगलेल्या डगल्यांच्या खिशांत. पाना नाही. आता शेपूट पुन्हा उघडायची तर लेखी कारण द्यायला हवं, सकाळचं उड्डाण रद्द, आणि ताईची लायसन्सची परीक्षा दीड महिन्यावर आलेली. मामा म्हणाले, "तू पाना आत नेलाच नव्हतास. मी बघत होतो." ताईला ते आठवेना. नेला होता असंही आठवेना, नव्हता असंही आठवेना. मग मामांनी स्वतःच्या खिशातून आठचा एक बिननंबरी पाना काढला आणि रिकाम्या जागेवर टांगला.

"झालं. फळा भरला," ते म्हणाले. "सही कर आणि घरी जा."

"आणि मी सही केली," ताई म्हणाली.

शेपटीच्या त्या पोकळीतून तारा आणि दांडे जातात. पायलट पुढे दांडा ओढतो तेव्हा त्या तारांच्या जोरावर मागची पट्टी हलते आणि विमानाचं नाक वर होतं किंवा खाली. करंगळीएवढा पाना तिथे पडला असेल तर एक तर तो वर्षानुवर्षं कोपऱ्यात निपचित पडून राहील, नाहीतर एखाद्या धक्क्यानं सरकून नेमका नको तिथे अडकेल. मग खाली गेलेलं नाक वर येणार नाही. ताईनं हे अगदी शांतपणे सांगितलं. शाळेत उत्तर पाठ म्हणावं तसं. साडेचार वर्षं रोज मनात म्हटलेलं उत्तर होतं ते.

मी घाबरलो. पण कबूल करतो, माणसांसाठी नाही घाबरलो, ताईसाठी घाबरलो. हिची नवी नोकरी, आईचा तो पदराला पुसलेला हात, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या वर्षांत काही झालं नाही ना? गप्प बस."

"ते झाकण सहा वर्षांनी एकदा उघडतात. दीड वर्षानं उघडणार. पाना मिळेल, आणि त्याच्यावर सत्तेचाळीस लिहिलेलं असेल."

"मग?"

"मग काय. म्हणून तर ही परीक्षा दिली." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "निरीक्षकाला कुठल्याही विमानाचं कुठलंही झाकण उघडायला लावता येतं. मी चार नंबरचं उघडायला लावीन. आत मीच वाकेन. पाना बाहीत सरकवीन. संपलं."

सगळ्या मोहल्ल्याला आम्ही सांगत होतो की आमची ताई किती महत्त्वाकांक्षी. आणि तिला सरकारात जायचं होतं ते एक पाना बाहीत घालायला! पण मला ते पटलं, हेही लिहून ठेवतो. चांगला बेत आहे, असं मी म्हणालो.

सहा महिने प्रशिक्षण झालं. ताईनं नियमांची जाडजूड पुस्तकं पाठ केली. स्वयंपाकघरात पोळपाटापुढे उभी राहून आईला विचारायची, "आपल्याकडे आगीचं नळकांडं का नाही?" आई म्हणायची, "तू आहेस ना, तेवढी आग पुरे."

ऑफिस विमानतळाच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. लांब बोळ, दोन्हीकडे पत्र्याची कपाटं, प्रत्येक कपाटावर एकेका कंपनीचं नाव चिकटवलेलं. खिडकीतून धावपट्टी दिसत नाही, गाड्या लावायची जागा दिसते. मुख्य निरीक्षक बाईसाहेब. ऑफिसात आल्या की बूट काढून टेबलाखाली ठेवायच्या आणि सपाता घालायच्या, कानावर पेन्सिल. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे सगळे टरकून असायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी ताईला ओळखपत्र दिलं, लाल पट्ट्यांचा एक गठ्ठा दिला आणि एक कागद पुढे सरकवला. लाल पट्टी विमानाच्या दाराला बांधली की ते विमान उडत नाही. कागदावर विचारलं होतं, आजवर कुठे कुठे काम केलंत. ताईनं लिहिलं. बाईसाहेबांनी त्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

"या कंपनीच्या विमानाला दोन वर्षं हात लावायचा नाही. जवळसुद्धा जायचं नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याच हातचं काम आपल्या डोळ्यांना दिसत नाही. नियम माहीत असेलच."

ताईला माहीत नव्हता. त्या दिवशी ती घरी आली ती सरळ माझ्या खोलीत, दार लावून घेतलं आणि जमिनीवरच बसली. "सगळं पुस्तक पाठ केलं रे," ती म्हणाली. "नेमणुकीच्या अटींचं शेवटचं पान तेवढं वाचलं नाही. आपल्याला काय करायचंय असं वाटलं." चमचे मोजणाऱ्या बाईचं एक पान मोजायचं राहिलं. जगातल्या सगळ्या विमानांची झाकणं आता तिला उघडता येत होती, एक चार नंबर सोडून.

मी पुन्हा म्हणालो, "गप्प बस." दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून म्हणालो.

आता माझी गोष्ट. ताईनं गच्चीवर सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या फेऱ्यांच्या यादीत चार नंबर होतं. आधी मला सगळी विमानं सारखीच. त्या दिवसापासून मला चार नंबर लांबून ओळखू यायला लागलं. त्याच्या शेपटीवर पक्ष्यानं घाण केली तरी मला दिसायचं. बसमध्ये माणसं भरायची. हातात पिशव्या, गळ्यात उशा, कडेवर मुलं. मी शिडीजवळ बस लावायचो, बटण दाबायचो, दारं उघडायची आणि माणसं उतरून त्या विमानात जायची. मी आरशात बघायचो नाही. विमान उडालं की मात्र बस उभी करून ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत बसायचो. एकदा एका आजोबांनी उतरताना मला विचारलं, "विमान चांगलं आहे ना हो?" ते सगळ्यांनाच विचारत असावेत. मी म्हणालो, "एकदम."

ताईचं काम सुरू झालं तेही असंच, भीतभीत. दुसऱ्या कंपनीच्या विमानाची पहिली तपासणी तिनं एकटीनं केली तेव्हा कॅप्टननं विचारलं, "नवीन का?" ताई म्हणाली, "हो." तो हसला आणि तिला सगळीकडे फिरवत, भराभर बोलत राहिला. बोलणाऱ्याच्या हाताकडे बघायचं, तोंडाकडे नाही, हे तिला मामांनी शिकवलं होतं. तिनं हवाई सुंदरीच्या खुर्चीमागचा संकटकाळचा टॉर्च काढून लावून पाहिला. लागला नाही. विमान पंचवीस मिनिटं थांबलं. कॅप्टनचं हसू गेलं. ताई मला म्हणाली, "सही करताना माझा हात इतका हलत होता की मलाच माझी सही ओळखू येईना." लिहिलं तर भीती, एवढ्याशा गोष्टीसाठी विमान अडवलं म्हणून. नाही लिहिलं तर दुप्पट भीती. तिला वाटायचं, आपण दुसऱ्यांचे टॉर्च तपासतोय आणि आपला पाना आकाशात फिरतोय. आपण कोण मोठे लागून गेलो?

पण बाईसाहेब खूश होत्या. "नवीन माणूस इतकं बारीक बघत नाही," म्हणाल्या. ताईला ते ऐकून रडू यायचं.

तिनं एक वाट शोधून पाहिली. ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर चष्मेवाले नावाचे एक जुने निरीक्षक होते. नाव वेगळंच होतं, पण सदा दोन चष्मे गळ्यात, म्हणून हे पडलेलं. ताई सहज बोलल्यासारखी त्यांना म्हणाली, "चार नंबरची शेपूट एकदा उघडून बघायला हवी हो." चष्मेवाल्यांनी चष्मा बदलला. "का?" म्हणाले. "कारण लिहावं लागतं बाई. कारण काय लिहू?" निनावी पत्र टाकायचंही तिनं मनात आणलं. पण पाना बोलणार होता ना. सत्तेचाळीस म्हणणार होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

असे आठ महिने गेले. मग तो मंगळवार आला.

सकाळी साडेअकराला चार नंबर उतरलं. मी शिडीजवळ बस घेऊन उभा. प्रवासी उतरले, मागून पायलट उतरला. खाली मेकॅनिक उभा होता. पायलट त्याला म्हणाला, "आज नाक उचलताना जरा जड लागलं रे. बघ बरं."

एवढंच. पायलट पाणी प्यायला गेला. मेकॅनिकनं मागे जाऊन शेपटीची पट्टी हातानं वरखाली केली, पुन्हा केली, खांदे उडवले. वहीत काहीतरी लिहिलं. मी माझ्या खिडकीतून हे बघत होतो आणि माझी पाचावर धारण बसली. जड. मला जड म्हणजे काय ते दिसत होतं. करंगळीएवढं.

पुढचं उड्डाण पाऊण तासानं. मला इमारतीच्या दाराशी बोलावलं. अठ्ठावन्न माणसं बसमध्ये भरली. मी चार मिनिटं बस चालवली, शिडीजवळ लावली आणि बटणावर बोट ठेवलं. बोट दाबेना. मी बोटाकडे बघत राहिलो. दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मागून कुणीतरी म्हणालं, "दार उघडा ना." मी फोन काढला.

"ताई, चार नंबर जड चालतंय. पायलट म्हणाला. नाक उचलताना."

मग ती म्हणाली, "दारं उघडलीस?"

"नाही."

"उघडू नकोस." आणि फोन बंद.

ती काय करणार होती ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बसमध्ये गरम व्हायला लागलं. एक मूल रडायला लागलं. वॉकीटॉकीवर माझा सुपरवायझर ओरडला, "काय झालं तुला?" मी म्हणालो, "दार अडकलंय." त्या क्षणीसुद्धा खरं बोलायची हिंमत नव्हती बघा. तो म्हणाला, "हातानं उघड." मी म्हणालो, "हातानंही अडकलंय." एका बाईनं काचेवर चप्पल आपटली. एका माणसानं माझा फोटो काढला, तक्रारीला लावायला. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मनात एकच. ताई बोलली नाही तर? ती गप्प राहिली तर मी किती वेळ बोट उचलून धरणार?

ताई बोलली. बाईसाहेबांच्या खोलीत ती दार न वाजवता शिरली. उभ्यानंच म्हणाली, "चार नंबर थांबवा. त्याच्या शेपटीत माझा पाना असेल. पावणेसहा वर्षांपासून." बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही म्हणे. आधी फोन उचलला आणि विमान थांबवलं. मग कानावरची पेन्सिल काढली, एक कोरा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली. "लिही. तुझ्या नंबरासकट." ताईनं लिहिलं. मग बाईसाहेबांनी सपाता काढून बूट घातले.

वीस मिनिटांनी मला इमारतीकडे परत फिरायला सांगितलं. माणसांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली. त्यांना दुसऱ्या विमानानं पाठवलं. मला ऑफिसच्या लोकांना हँगरकडे न्यायचं काम मिळालं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

चार नंबर ओढून आत आणलं होतं. शेपटीला मचाण लावलं. चष्मेवाले वर चढले. ताईला जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या मागे उभं केलं होतं, तिला पुढे यायची परवानगी नव्हती. बारा वर्षं जिथे वावरली तिथे ती पाहुण्यासारखी उभी, आणि जुने सोबती तिच्याकडे बघायचं टाळत होते. मामा लांब, भिंतीला टेकून. मी ताईच्या शेजारी. वर स्क्रू निघत होते आणि ताटलीत पडत होते, टण, टण, आणि ताई पुटपुटत होती. एकोणतीस. तीस. एकतीस. बत्तीस. झाकण निघालं.

चष्मेवाल्यांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला. टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन अर्धे आत गेले. दहा मिनिटं. पंधरा.

"एका बिजागरीचं वंगण सुकलंय," आतून आवाज आला. "म्हणून जड लागलं असेल. बाकी काही नाही."

"डाव्या कोपऱ्यात बघा," ताई ओरडली. "दांड्याच्या खाली. हात घालून बघा!"

पुन्हा पाच मिनिटं. "बाई, काही नाही. रिकामं आहे."

मला इतकं हायसं वाटलं की मी ताईच्या पाठीवर थाप मारली. ती माझ्याकडे वळली तर तिचा चेहरा आधीपेक्षाही वाईट. "इथे नाही, म्हणजे सरकलाय," ती म्हणाली. "पुढे सरकलाय. आता सगळं विमान उघडायला पाहिजे. सगळं." बाईसाहेब मान हलवत होत्या, हो, उघडायला पाहिजे. मेकॅनिक एकमेकांकडे बघायला लागले. सगळं विमान म्हणजे महिनाभर काम.

तेव्हा मामा भिंतीपासून निघाले. सावकाश आपल्या कपाटाकडे गेले, कुलूप काढलं, मागच्या खणातून फडक्याची एक पुरचुंडी काढली आणि आणून टेबलावर ठेवली. "शोधू नका," म्हणाले.

बाईसाहेबांनी पेन्सिलीच्या टोकानं फडकं उलगडलं. आठचा पाना. दांड्यावर सत्तेचाळीस.

"कुठे होता?" बाईसाहेबांनी विचारलं.

"पुसायच्या चिंध्यांच्या पिशवीत. चिंधीत गुंडाळला गेला होता."

"कधी सापडला?"

मामा ताईकडे बघून म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी."

काखेत कळसा म्हणतात, पण कळसा दुसऱ्याच्या काखेत असेल तर काय म्हणायचं?

"सांगणारच होतो पोरी," मामा म्हणाले. "रोज म्हणायचो, आज सांगू. पण त्या दिवसापासून तू अशी काम करायला लागलीस... तीनतीनदा मोजायचीस. स्क्रू लावलास की हात फिरवून बघायचीस. इतकी वर्षं झाली मला, असा हात मी बघितला नाही. म्हटलं, राहू दे. माणसाला भीती असलेली बरी."

"मामा, भीती घरून आणायची असते म्हणायचात," ताई म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "तुम्ही माझ्या घरी पाठवलीत. मी आईच्या सुया मोजते. माझी आई सत्तर वर्षांची आहे, तिला मी सुईसाठी तासभर पलंगावरून उतरू देत नाही."

मामांचे डोळे भरले. मला त्यांची दया आली नाही. अजून येत नाही. ताईनं पान्याकडे हात नेला. "हात लावू नको," बाईसाहेब म्हणाल्या, आणि तिनं हात मागे घेतला.

चौकशी झाली. मामांचा सहीचा अधिकार गेला आणि मागोमाग मामाही नोकरीतून गेले. ताईला तीन महिने घरी बसवलं. त्या तीन महिन्यांत ती फोनच्या आवाजालाही दचकायची. मग तिला बोलावलं. बाईसाहेब म्हणाल्या, "तुझ्या फाइलमध्ये दोन गोष्टी आहेत. पावणेसहा वर्षं बोलली नाहीस, आणि त्या मंगळवारी बोललीस. दोन्ही राहतील. उद्यापासून ये." ती जाते. अजून भीत भीत सही करते. चमचे अजून मोजते. मला वाटलं होतं, पाना सापडला की खूळ सुटेल, पण सवयीला पाना सापडल्याचं कुणी कळवलेलं नाही.

माझंच कौतुक फार झालं. आधी दार अडकल्याबद्दल ताकिदीचा कागद मिळाला, मग खरं कळलं तसा तो परत घेतला. सुपरवायझरनं खांद्यावर हात ठेवला. ताईनं अखेर आईला सगळं सांगितलं तेव्हा शेवटी म्हणाली, "आणि यानं दारं उघडली नाहीत." आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

त्याच आठवड्यात मी माझ्या फेऱ्यांच्या वह्या काढल्या. ताईसारखं मोजायला बसलो, एकदा, मग पुन्हा एकदा, चूक नको म्हणून. गच्चीवरच्या त्या दुपारपासून त्या मंगळवारपर्यंत चार नंबरच्या विमानाशी माणसं चढवायला मी तीनशे ब्याण्णव वेळा बस लावली. विमानात पाना नाही, हे मामांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. आणि मी तीनशे एक्याण्णव वेळा दारं उघडली.